'बावन्न दरवाजे' ते पडेगाव

पुण्याहून निघताना शेजारच्या सीटवरून बायकोनं बजावलं, "स्टिअरिंगवर ड्रम वाजवायचा नाही." मी एकेकाळी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचो, यावर आमची मुलं अजून विश्वास ठेवत नाहीत. पोटाकडं बघून हसतात.

बँडचं नाव 'बावन्न दरवाजे', आमच्या औरंगाबादच्या दरवाजांवरून. माणसं चारच, आणि जीव एकट्या सुजाताच्या गळ्यात. ती सोडून गेली नि बँड बसला. आता कॉलेजच्या मेळाव्यात तिला पुन्हा आमच्यासोबत उभं करायचं काम मित्रांनी माझ्यावर टाकलं होतं.

शहराचं नाव बदललंय, रस्तेही ओळखू येईनात. नान-खलिया (तंदुरातली रोटी नि मटणाचा पिवळा रस्सा) मात्र तसाच. त्यातला थोडा शर्टावर घेऊन मी उठलो.

"असाच जा," बायको म्हणाली. "तिला वाटेल, तू होतास तस्साच आहेस."

दौलताबाद रस्त्याला पडेगाव लागलं. आम्ही सायकलवर यायचो तेव्हा इथं ज्वारी डोलायची, आता इमारती. बँडनंतर सुजातानं स्वतःचा अल्बम काढला, खुलताबादच्या कव्वालांसोबत गायली, आणि हल्ली तिच्या मामांच्या गायन पार्टीत भीमगीतं गाते. तालीम विहाराच्या हॉलमध्ये होती.

"जयभीम, ढोल्या!" सुजाता दारातच म्हणाली. "लई सुटलास की रे! वहिनी, हा घरी पण ड्रमसारखाच दणका करतो का?"

"झोपल्यावर करतो," बायको म्हणाली.

तालमीला आलेल्यानं नुसतं ऐकत बसायचं नाही, कोरसात बसून टाळी द्यायची, हा पार्टीचा रिवाज. मी ऐटीत मांडी घातली. पण हाताला सवय रॉकची: जोर दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर. पार्टीची टाळी पहिल्या नि तिसऱ्या मात्रेवर. हार्मोनियम थांबली.

"ओ पाव्हणं," मामा म्हणाले, "आमची टाळी पडून गेल्यावर तुमची येतीय. वाटंत चहाला थांबता काय?"

हॉल हसला. सुजाता नाही हसली. "मामा, त्याची तशीच राहू द्या. तुम्ही तुमची द्या."

दोन्ही टाळ्या एकमेकींत बसल्या आणि तिनं वरून आवाज सोडला. तोच खरखरीत, उंच आवाज. माझे डोळे भरून आले; बायकोनं न बघितल्यासारखं केलं.

चहाच्या वेळी मी मेळाव्याचं काढलं.

"त्याच दिवशी पाचोडला कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "आणि नसता, तरी नसते आले. तुम्हाला तिथं कॉलेजातली सुजाता पाहिजे. ती मी कुठून आणू?" मग कपाकडं बघत म्हणाली, "तू ये ना पाचोडला. ही टाळी लागंल मला."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. सुजाता गेली आणि गाणं संपलं, असं आम्ही इतकी वर्षं एकमेकांना सांगत आलो. गाणं तिच्याबरोबर कव्वालांत बसलं, मामांच्या पार्टीत रमलं. घरी बसलो होतो ते आम्ही.

नगरच्या अलीकडं मित्राचा फोन आला. "काय रे, जमलं का?"

"नाही," मी म्हणालो. "आणि मेळाव्याला दुसरा ड्रमवाला बघा."