धुरवाल्यांचा चहा

आमच्या सर्व्हेचा रिपोर्ट अजून लिहून व्हायचाय, पण किस्से मात्र फाइलीत मावेनासे झालेत! फॉर्मात त्यांच्यासाठी रकाना नाही, म्हणून मी ते मित्रांच्या माथी मारतो.

काम तसं साधं. आसगावच्या बाजूच्या एका गावात घरोघर जायचं, स्वयंपाकघरातला धूर मोजायचा आणि कुणाच्या छातीला किती धोका आहे ते ठरवायचं. टीम तिघांची. नागपूरचे सर, त्यांच्यामागे बॅग घेऊन मी आणि गावच्या आशा वर्कर शेवंताताई. ताईंना तीन महिन्यांपासून खोकला. एक्स-रे झाला, बेडका तपासून झाला, टीबी नाही. डॉक्टर म्हणाले, "धुरापासून लांब राहा." आणि लगेच ताईंची ड्यूटी लागली धुराच्या सर्व्हेला!

"ताई, तुमच्या घरी चूल आहे का?" सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही जी. दोन वर्स झाले, गॅसच हाये. सासूबी गॅसवरच करते."

"मग खोकला कशाचा?"

"तेच त मले समजून नाही राहिलं!"

आम्हालाही समजत नव्हतं. मला तर त्या खोकल्याची काळजीच वाटायची, कारण अख्ख्या गावाच्या खोकल्याची नोंद ठेवणारी ही एकटीच बाई.

* * *

आमचं मशीन टिफिनच्या डब्याएवढं. एक दिवस भिंतीवर टांगून ठेवायचं, मिनिटामिनिटाचा धूर ते लिहून ठेवतं. पहिलं घर कमलाकाकूंचं. स्वयंपाकघराच्या भिंती तव्यासारख्या काळ्या. सर मनातून खूश!

दुसऱ्या दिवशी आकडे पाहिले तर हवा एकदम स्वच्छ. एवढी स्वच्छ हवा सरांच्या नागपूरच्या फ्लॅटमध्येही नसेल! सरांनी मशीन हलवलं, ठोकलं, बॅटरी बदलली.

"काकू, काल स्वयंपाक केला ना?"

"केला ना जी! गॅसवर केला."

"रोज गॅसवरच करता?"

"रोज कायले? सिलिंडर पुरत नाही ना! पन तुमची मशीन घरी होती. नव्या वस्तूले काजळी लागली असती!"

शिवाय आम्ही निघताना काकूंनी मशीन पदराने पुसूनही दिलं.

* * *

मग सरांनी शेवंताताईंकरवी गावभर निरोप फिरवला. 'मशीनची लाज धरू नका. चूल असेल तर बिनधास्त चूल पेटवा!'

निरोप नीट पोचला. तलावात मासे धरणाऱ्या सुखदेवभाऊंच्या घरून मशीन परत आलं तेव्हा आकडा असा, की सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"भाऊ, मशीन आम्ही चुलीसमोरच्या भिंतीवर लावलं होतं. कुठं नेलं?"

सुखदेवभाऊंनी चुलीच्या बरोबर वर बांधलेली दोरी दाखवली. दोरीवर मासे धुरावर सुकत होते. मधे एक जागा रिकामी होती, ती आमच्या मशीनची!

"अहो, बाई बसते तिथे, तिच्या नाकाच्या उंचीवर लावायचं असतं ते!"

"तुमाले धूरच पायजे होता ना जी? मंग आपल्या घरची सगळ्यात चांगली जागा देली!"

बॅगेला अजून वास येतो.

* * *

रिटायर्ड गुरुजींच्या घरी चूलच नव्हती. नुसता गॅस, टाइल्स आणि अभिमान. तरीही संध्याकाळचा आलेख छताला टेकलेला!

"मशीन बिघडली तुमची," गुरुजी म्हणाले. "आमच्याकडं धूरच नाही."

हे म्हणताना त्यांच्या खुर्चीखाली मच्छर कॉइल जळत होती. दारं-खिडक्या बंद. सरांनी बोट दाखवलं.

"हे? हा धूर त मच्छरासाठी असते जी! माणसाले काय होते?"

सरांना एकदम काहीतरी सुचलं. त्यांनी वळून विचारलं, "शेवंताताई, तुमच्याकडे कॉइल लावता का?"

"मच्छरदानी हाये जी. गावाले मीच सांगतो, मीच नाही लावनार का?" आणि ताई खोकायला लागल्या. सरांचा चेहरा पुन्हा पडला.

* * *

एक कोडं मात्र सगळ्यात जास्त छळत होतं. सकाळ-संध्याकाळचा धूर कळण्यासारखा होता, स्वयंपाकाचा. पण आम्ही मशीन न्यायला जायचो, नेमक्या त्याच वेळी प्रत्येक घरात धूर उसळी मारायचा. कमलाकाकूंचं आणि गुरुजींचं सोडलं, तर घर कोणतंही असो!

"हे मशीन आपल्याला ओळखतं की काय?" सर म्हणाले. मी हसलो, पण खरं सांगतो, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

त्या वैतागात सरांनी कमरेला बांधायचं छोटं मशीन काढलं आणि शेवंताताईंना दिलं. "आता तुमचाच धूर मोजू!"

ताईंच्या घरची हवा छान निघाली. रस्त्यावरची छान. आणि मग आलेखावर पाच डोंगर! सरांनी भेटींचं रजिस्टर उघडलं. त्या दिवशी आम्ही पाच घरं केली होती.

"ताई, तुम्ही आत जाऊन करता काय?"

"चाय होते तवरक चुलीपाशी बसतो. बायांसंग बोलतो. आशा झाली तवापासून बसतो."

"चहा चुलीवर? घरात गॅस असताना?"

"तुमीच त सांगतलं, चूल पेटवा म्हनून! गावात तुमाले धुरवाले सर म्हनतात. धुरवाल्याले गॅसची चाय कशी द्याव जी?"

सर माझ्याकडे पाहायला लागले. दोन घरी मी चहा मागून घेतला होता.

* * *

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद! आणि ताईंनी आत जायचं नाही, आमच्यासोबत ओसरीवर बसायचं, असा सरांचा हुकूम. ताई कमरेचं मशीन बांधून गुमान बसल्या.

पहिल्याच घरी म्हातारी रुसली. "काहून जी, आमच्या घरची चालत नाही का?"

सर घाईघाईने फॉर्मकडे वळले. म्हातारीची सून दाराआड उभी होती.

"खोकला येतो का?"

"नाही."

"छातीत घरघर?"

"नाही."

"डोळ्यांची आग?"

"नाही."

मी तिन्ही ठिकाणी 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात दाराआडून पदरात दाबलेला खोकला ऐकू आला. बराच वेळ चालला तो.

शेवंताताई उठल्या.

"ताई, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" सर जवळजवळ ओरडलेच.

"बाहेरून इचारलं त सगळ्या नाहीच म्हनतात जी. चुलीपाशी बसलं का खरं सांगतात." मग म्हातारीकडे वळून म्हणाल्या, "मावशी, मांडा चाय."

जाताना त्यांनी कमरेचं मशीन सोडलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुमच्यापाशीच राहू द्या. आत नेली त तुमी पुन्हा घाबरसान."

आत फुंकणीचा आवाज आला. मग धूर आला. मग दोघींचं खोकणं आणि त्यानंतर हळू आवाजात कितीतरी वेळ बोलणं. सर आणि मी ओसरीवर बसून राहिलो.

संध्याकाळी सरांनी आकडे काढले. शेवंताताईंच्या नावापुढचा धूर एकदम कमी झाला होता!