पुसलेला स्क्रॅप

तेव्हा मी अंबरनाथला बुवापाड्यात राहायचे आणि कॉलेजला उल्हासनगरला जायचे. तिथल्या कॅम्प पाचमधल्या सायबर कॅफेत बसून मी नेटवर दीडेकशे मित्र जमवले होते. नेटवर आडनाव मात्र लावलं नव्हतं. आडनाव ऐकलं की लोकांचे चेहरे कसे बदलतात, ते मी पाहिलं होतं.

जयंतीच्या दिवशी शेजारच्या मैत्रिणीने माझ्या नेटवरच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकला, 'जय भीम! संध्याकाळी विहारात ये, पांढरी साडी नेस.' आम्ही दोघी पहिलीपासून एकत्र. तिला काय ठाऊक, की तो सगळ्यांना दिसतो! कॉलेजातलं कुणी बघायच्या आत मी तो पुसून टाकला. घरात पाहुणा आला की आमच्या तोंडून पहिला जो शब्द निघतो, तोच मी पुसला. शाबास माझी!

तिला ते दिसलं. ती बोलेनाशी झाली. आणि मला भीतीने घेरलं. कुणी काय लिहिलं असेल, म्हणून मी लेक्चर सोडून कॅफेत पहारा देत बसायचे. जेवण जाईना.

शेवटी कॉलेजच्या समुपदेशक मॅडमनी बोलावलं. त्यांच्या पद्धतीला इंटरपर्सनल थेरपी म्हणतात, म्हणजे जवळच्या माणसांशी बिनसलेलं नातं सुधारून त्रास कमी करायचा. मला वाटलं, कॉम्प्युटर बंद कर म्हणतील. त्यांनी कागदावर गोलात गोल काढले आणि विचारलं, "सगळ्यात आतल्या गोलात, सगळ्यात जवळचं कोण?"

मी मैत्रिणीचं नाव लिहिलं. दीडशेतलं दुसरं एकही सुचेना.

"मग तिच्याशी बोलायचं. आधी माझ्याशी बोलून बघ. समज, मीच ती."

चार आठवडे मी मॅडमसमोर तेच वाक्य म्हणत होते, "मी घाबरले म्हणून पुसलं."

एका रविवारी सकाळी तिच्या दारात उभी राहिले आणि वाक्य म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ते कळलं होतं मला," ती म्हणाली. "आता सांग, उद्या तुझ्या कॉलेजच्या गेटवर येऊन 'जय भीम' म्हणून हाक मारली, तर घाबरशील?"

याची तालीम झाली नव्हती.

"हो," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. "मग मी येतेच," ती म्हणाली.