उशिरा आलेले नमुने

शोळिंगनल्लूरच्या एका प्रयोगशाळेत कनका बावीस वर्षं तंत्रज्ञ होती. दान केलेले मेंदू तिथे येत. ते कापायचे, उणे ऐंशी अंशांत गोठवायचे आणि त्यांतली प्रथिनं वेगळी काढायची, हे तिचं काम. स्मृतिभ्रंशात टाऊ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटत जातं आणि त्याच्या गुठळ्या होतात, हे ती पुस्तकातून नव्हे, प्रथिनांचे ठसे उमटणाऱ्या फिल्मवरच्या काळ्या पट्ट्यांवरून शिकली होती.

मग साताऱ्याहून अदिती संशोधनाला आली. कनकाची तंजावरी मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाली, "अय्या, किती जुनं बोलता तुम्ही! गोड!" कनकाला ते 'गोड' झोंबलं. प्रयोगशाळेचे प्रमुख सुधींद्र सर स्वतः तंजावरचे मराठी. पण कनकाशी ते इतकी वर्षं तमिळमध्ये, कामापुरतंच बोलत आले होते. आता अदितीच्या टेबलाशी उभे राहून मराठीत हसत होते. हे तर फारच झोंबलं.

अदितीचा निकाल झकास आला. रुग्णांच्या टाऊवर निरोग्यांच्या चौपट फॉस्फेट! "असे पट्टे इथे कुणी काढले नव्हते," सर म्हणाले. नमुने कनकाने तयार केले होते, ते कुणाला आठवलं नाही.

एक गोष्ट मात्र फक्त तिला दिसत होती. रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तीन तासांत आले होते, निरोग्यांचे दहा-बारा तासांनी. उशीर झाला की फॉस्फेट आपोआप गळतं, म्हणजे चौपटीतला बराचसा फरक नुसत्या उशिराचा असणार. डब्यांवर वेळा तिनेच लिहिल्या होत्या. तरी ती तीन आठवडे तोंड मिटून बसली.

निकाल मांडायला परीक्षकांसमोर अदिती उभी राहिली तेव्हा कनका मागच्या खुर्चीत होती. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "मृत्यूनंतर किती वेळाने नमुने घेतले?" अदिती अडखळली. सरांनी मान खाली घातली. कनकाला बरं वाटलं, पण घटकाभरच.

संध्याकाळी अदिती तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतें."

"मग सांगितलं का नाही?"

"मज तुझा हेवा वाटत होता गे."

अदिती निघून गेली. दुसऱ्या दिवशी वही घेऊन परत आली. "सारख्या वेळेचे नमुने निवडून द्याल?"

चार महिने दोघी त्याच कामाला लागल्या. फरक उरला, पण दीडपटीचा. निबंध छापून आला. त्यावर पहिलं नाव अदितीचं होतं, तिसरं कनकाचं. बावीस वर्षांत तिचं नाव छापून आलं ते पहिल्यांदाच.

वेस्ट मांबलमच्या घरी तिने तो नवऱ्याला दाखवला. वेंकटने दोनदा वाचून विचारलं, "आता समाधान?"

"पहिलें नाव तिचेंच आहे," कनका म्हणाली आणि तांदूळ धुवायला उठली.