पावती दाखवली की फोन

आमचे हे वीस वर्षं मोबाइल दुरुस्त करतायत. मान कायमची वाकलेली, डोळे लाल, आणि बोलणं तर अगदी जिवावर येतं. घरी माझी दहा वाक्यं झाली की ह्यांचं एक 'हं' येतं, तेही नाइलाजाने.

शिवणकामाच्या कारखान्यातली एक बाई दुकानात आली. ती कुठे गेली, कुणाशी बोलली, सगळं तिच्या नवऱ्याला फोनमधून घरबसल्या कळायचं. बहिणीकडे पाच मिनिटं टेकली तरी संध्याकाळी हजेरी. ह्यांनी सांगितलं, फोनमधली कंपनीची सिस्टिम काढून दुसरी टाकता येते, तिच्यातून बाहेर काही जात नाही. पण आतलं सगळं पुसलं जाईल. ती म्हणाली, पुसा.

काम दोनदा फसलं. केबल बदलल्यावर तिसऱ्यांदा नवी सिस्टिम चढली. फोन उघडायचा, बाईने सांगून ठेवलेला कोड ह्यांनी टाकला आणि चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवला. आमच्याकडे प्रत्येक फोनचं असंच असतं, नाहीतर गिऱ्हाइकाला चालू करून दाखवणार कसा?

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. बायकोचा फोन द्या म्हणाला. तिच्या पर्समधली पावती त्याला सापडली असणार. ह्यांनी मान वर न करता फोन दिला, चिठ्ठीसकट. पावती ज्याच्या हातात त्याला फोन, हा दुकानाचा नियम. मी शेजारीच होते आणि मूग गिळून गप्प बसले. त्याचा मला अजून राग येतो.

चार दिवसांनी बाई आली. फोन पुढे सरकवून म्हणाली, पहिल्यासारखा करून द्या. ह्यांना कधी नव्हे तो कंठ फुटला.

"चूक माझी आहे, ताई. फोन असाच राहू द्या. नवा कोड तुम्हीच टाका, मीसुद्धा बघणार नाही."

"नको, भाऊ. आधी फोन सांगायचा मी कुठे होते ते. आता मलाच सांगावं लागतं, आणि माझं त्यांना खरं वाटत नाही. रोज तेच. थकले मी."

ह्यांनी जुनी सिस्टिम परत टाकली. मग फोन तिच्यापुढे ठेवून कोड टाका म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिने माझा फोन मागितला. "घरी फोन करून त्यांना विचारते, कोड कोणता ठेवू."