मणक्याचा टीबी आणि गिरणीतली कवयित्री

वडील भोसरीत लेथवर, आई मेसच्या पोळ्या लाटायची. लातूरकडून आलेलं आमचं पाच जणांचं घर एका भाड्याच्या खोलीत. त्या खोलीतून बी.ए. झालेली पहिली मी, हे अभिमानानं सांगते. चाकणला कंपनीत शिफ्ट करत इंग्रजी एम.ए.चा प्रबंध लिहीत होते, तेव्हा पाठ धरली.

घरच्यांना वाटलं, उसण भरली. आमच्याकडे उसण पायाळू माणूस काढतो, जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. शेजारच्या कमलमावशी पायाळू. पाठीला पाय लावून म्हणायच्या, "कितीबी शीक, लाथ आमचीच लागती." मीही हसायचे. संध्याकाळची कसकस कुणी मनावर घेतली नाही.

पाय बधिर झाले तेव्हा हॉस्पिटल गाठलं. एमआरआय, मग बायोप्सी, म्हणजे सुईनं मणक्यातला कण काढून तपासणी. बाकावर बसून जीव आंबून गेला.

डॉक्टर म्हणाले, "स्पायनल टीबी. मणक्याचा क्षय. हाड पोखरलंय. पाठीला कुणाचा पाय लागता कामा नये. आडवं राहायचं, गोळी चुकवायची नाही."

"पोरगी चालंल ना, साहेब?" वडिलांनी विचारलं.

"चालेल. घाई करू नका."

मला घोर प्रबंधाचा. मुदत एकदाच वाढून मिळणार होती. विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक विणकर कवयित्री. लहानपणापासून कापडगिरणीत. कविता आधी गावच्या वर्तमानपत्रात आल्या, मग लोकवर्गणीतून एक पुस्तक. थोडं नाव झालं. छाती बिघडून गिरणी सुटली, तरी अंथरुणावरून लिहीत राहिली. प्रस्तावनेत संपादकानं तिला बिचारी करून टाकलं होतं. मीही तेच लिहिलं होतं.

आता माझ्या खाटेशी बायका येऊन "बिचारी गं" म्हणायच्या. ऐकून ऐकून विटले. प्रबंधातलं तिला बिचारी ठरवणारं प्रकरण काढून टाकलं. ही बाई कवितेची ओळ कशी बांधायची, मागाचा ठेका कवितेत कसा आणायचा, संपादकाला न विचारता काय छापायला द्यायची, एवढंच लिहिलं. उताणी पडून, मोबाइलवर. गोळ्यांनी मळमळायचं. चार ओळी झाल्या की डोळे मिटायचे. काही दिवस तेवढ्याही झाल्या नाहीत.

पाठदुखीबरोबर संध्याकाळी ताप येत असेल, तर आधी तपासून घ्या. मावशींवर माझा राग नाही. मला धरून जिना उतरवायला त्याच यायच्या.

गोळ्या संपल्या. मी चालते, फार लांब नाही. प्रबंध मुदतीत गेला आणि मंजूर झाला. मी एम.ए. झाले.