अर्ध्याचं वावडं

माझा दीर कारखान्यात प्रोडक्शन मॅनेजर आहे आणि मला तो डोळ्यांसमोर नको असतो. आधीच सांगून टाकते. सासरे गेले तेव्हा घराच्या खोल्या तीन आणि भाऊ दोन. "खोली काय अर्धी करता येते का वहिनी?" म्हणाला आणि दोन घेऊन मोकळा झाला. अर्ध्याचं त्याला भारी वावडं. नेहमी पूर्ण करायचा, तेही स्वतःच्या सोयीनं.

त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट, आणि माझा नवरा, म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, रिअॅक्टरवर ऑपरेटर. नव्या मालाच्या रिअॅक्शनची ऑर्डर काढायचं काम माझ्याकडे आलं. ऑर्डर म्हणजे द्रावण दाट केलं की वेग किती वाढेल ते सांगणारा आकडा. एक आला तर दुप्पट दाट केल्यावर वेग दुप्पट, दोन आला तर चौपट. माझा आला दीड. म्हणजे वेग जवळजवळ तिप्पट, उष्णताही तेवढीच. रिअॅक्टरभोवती फिरणारं थंड पाणी दुपटीलाच कसंबसं पुरलं असतं; त्यापुढे रिअॅक्टर फुटायचीच भीती.

"दीड कधी असतो का?" दीर म्हणाला. "मोजण्यात चुकलंय तुमचं. एक लिहा."

"पुन्हा मोजून बघितलंय, भावजी. रेणू फुटतो आणि त्याचे तुकडे पुढची साखळी चालवतात, तिथे असा अर्धा येतो. पुस्तकातही आहे."

"पुस्तकं मीही वाचलीत. दीडशहाणपणा नको. उद्या दुप्पट दाट बॅच लागेल."

घरी नवऱ्याला म्हटलं, उद्या रजा टाका. तर म्हणे, "भाऊ आहे तो माझा. माझ्या जिवावर उठेल का?" भोळा सांब नुसता. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी रिअॅक्टरजवळ सगळ्यांदेखत मी दिराला म्हटलं, "भावजी, आज इथे तुम्ही उभे राहा. हे बसतील तुमच्या केबिनमध्ये. आकडा दीड नाही, एकच आहे ना?"

त्यानं चष्मा काढून पुसला. मग सुपरवायझरला म्हणाला, "आज माल जुन्याच प्रमाणात घ्या," आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

नवरा हातमोजे चढवत होता, तो थांबला. "म्हणजे त्याला कालच पटलं होतं," हळूच म्हणाला. "तरी मलाच उभं करणार होता."

इतकी वर्षं मी हेच कानीकपाळी ओरडत होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि वाटलं, याला हे कधीच कळलं नसतं तर बरं झालं असतं.