मागे काय आहे?

शिकारीच्या सामानाच्या दुकानात माल विकला जातो, किस्से मात्र पडून राहतात. आमच्या कुवेतच्या दुकानातले बहुतेक किस्से इब्राहिमचाचांचे. चाचा रत्नागिरीकडचे, काउंटरवर तीस वर्षं. गिऱ्हाइकाचं लायसन्स तपासलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "निशाण्याच्या मागे काय आहे?" उत्तर मिळेपर्यंत काडतुसांची पेटी कपाटातून हलायची नाही.

*

माझा पहिलाच आठवडा. साध्या पॉइंट टू-टू रायफलीच्या मालकाला मी टू-टू मॅग्नमची पेटी दिली. टू-टू दोन्हींवर लिहिलेलं, मला काय कळणार! चाचा भर उन्हात सपाता घालून पार्किंगपर्यंत पळाले आणि पेटी बदलून आले. ओरडले नाहीत. दोन्ही काडतुसं शेजारी उभी करून लांबीतला फरक दाखवला आणि म्हणाले, "आडनाव एक म्हणून घर एक नसतं, सावंत."

*

सशाच्या शिकारीसाठी परदेशी निघालेल्या एका तरुणाला सगळ्यात वेगवान गोळी हवी होती. चाचांनी विचारलं, "ससा खायचाय, की त्याच्याशी शर्यत लावायचीय?" तो हसत हसत कमी वेगाची, मांसाची नासाडी न करणारी पेटी घेऊन गेला.

*

शहराबाहेरच्या सुलैबियातल्या एका शेतमालकाला खाद्याच्या शेडमधली कबुतरं मारायची होती. मागे काय? पत्रा. पत्र्यापलीकडे? कामगारांच्या खोल्या. चाचांनी त्याला समोरच्या दुकानात जाळी घ्यायला पाठवलं. आमचा मॅनेजर दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही!

*

चाचांनी नोकरीतल्या पहिल्या सुट्टीत गावी घरामागे हापूसचं कलम लावलं होतं. पुढे सुट्टी कधी आंब्याच्या दिवसांत मिळालीच नाही. दर मे महिन्यात ते झाडाचा फोटो दाखवायचे आणि स्वतःच्या झाडाचा आंबा एकदा तरी खाणार म्हणायचे. त्यासाठीच गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. त्यांच्याशिवाय दुकान मला अजून परकं वाटतं.

यंदा मे महिन्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. झाडावर वानरांची टोळी बसलेली. चाचांच्या हातात गोफण आणि पायाशी गोटे, लहान, मध्यम, मोठे असे निवडून लावलेले.

मी म्हणालो, "चाचा, मारा की! मागे काय आहे?"

त्यांनी फोन फिरवला. मागे नुसतं आभाळ होतं.

गोफण काही फिरली नाही. "तीस वर्षं मी नव्हतो, तेव्हा हीच होती इथं," चाचा म्हणाले.

तेवढ्यात वरून एक अर्धा खाल्लेला आंबा पडला. चाचांनी तो उचलला, लुंगीला पुसला आणि उरलेल्या बाजूनं चावा घेतला.

"सावंत, गोड आहे रे."